हिरव्या खुणेच्या खालचं उत्तर

आदरणीय अध्यक्ष, अर्थात आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब. वरच्या कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे. व्यासपीठावर विराजमान असलेले सर्व विभागप्रमुख. आजच्या सत्कारमूर्ती, संगणक कक्षाच्या प्रमुख मॅडम. समोर बसलेले डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी बंधू-भगिनी. आणि मागच्या रांगांमध्ये अगदी शांतपणे बसलेले, ज्यांना तिथून माझा चेहरा दिसतो की नाही याची मला शंका आहे असे सन्माननीय पाहुणे. सर्वांना नमस्कार.

मघाशी साहेबांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "काय रे, संगणक कक्षाच्या निरोपाला एवढी गर्दी कशी?" मी म्हटलं, "मॅडमची लोकप्रियता, साहेब." साहेब हसले. हसून घेतलं ते बरं झालं. पुढच्या भाषणात तशी संधी फार वेळा येणार नाही.

मला ओळखत नसलेल्यांसाठी सांगतो, मी चौकशी खिडकीवर बसतो. गेटातून आत आलं की डाव्या हाताला काच आहे, काचेला अर्धगोल भोक आहे, त्या भोकामागे मी. लोकांची तोंडं त्या भोकाच्या उंचीला कधीच येत नाहीत. उंच माणूस वाकून विचारतो, बुटका टाचा उंचावून विचारतो. ताठ उभं राहून प्रश्न विचारता येईल अशी खिडकी अजून कोणी बांधलेली नाही, आणि मला वाटतं, ती मुद्दामच बांधलेली नाही.

आधीच्या वक्त्यांनी मॅडमविषयी फार छान सांगितलं. मितभाषी, मनमिळाऊ, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या. मी ऐकत होतो आणि विचार करत होतो, या बाई कोण? आज आणखी कोणाचा निरोप आहे का? मॅडम, तुम्हीही इकडेतिकडे बघत होतात, मी पाहिलं.

मॅडम मनमिळाऊ नाहीत हो. त्यांना आपण सगळे मागे 'कंसबाई' म्हणतो, ते काय मनमिळाऊपणाबद्दल? एकदा मी खिडकीवर पाटी लावली होती : 'जेवणाची सुट्टी एक ते दोन (गर्दी असल्यास अडीच'. मॅडम जाता जाता थांबल्या, पाटी वाचली आणि म्हणाल्या, "कंस उघडलात, बंद केला नाहीत. म्हणजे तुमची जेवणाची सुट्टी अजून चालूच आहे." आणि गेल्या. रांगेतली माणसं आठवडाभर मला विचारत होती, जेवण झालं का?

अशा या बाईंना आज आपण स्वेच्छानिवृत्तीबद्दल निरोप देत आहोत. स्वेच्छा कोणाची, हे पत्रात लिहिलेलं नाही. पत्रात तेवढी जागा नसावी.

आता मॅडमचं काम काय, ते मागच्या पाहुण्यांसाठी दोन शब्दांत सांगतो. आपल्याकडे रुग्णाची नोंद झाली की ती यंत्रात जाते. यंत्राकडून माहिती परत हवी असेल तर नेमक्या शब्दांत प्रश्न विचारावा लागतो. त्याला हे लोक क्वेरी म्हणतात. शब्द इकडचा तिकडे झाला की यंत्र भलतंच उत्तर देतं, आणि तेही अतिशय आत्मविश्वासाने. या बाबतीत यंत्र आणि आपल्यातले काही लोक यांत फरक करणं अवघड आहे. मी कोणाकडे बघत नाही.

मग प्रश्न कसा विचारावा हे अडलं तर? तर इंटरनेटवर एक जागा आहे. जगभरातल्या संगणकवाल्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांना विचारलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरं तिथे साठवून ठेवलेली आहेत. तुमच्या मनात येईल तो प्रश्न तुमच्या आधी कोणीतरी विचारलेला असतोच. मॅडमनी मला ते कोठार एकदा दाखवलं. मी म्हटलं, "वा, म्हणजे ही जगाची चौकशी खिडकी!" मॅडम म्हणाल्या, "हो. आणि तुमच्या खिडकीइतकीच कामाची."

तेव्हा मला राग आला होता. नंतर मी तिथे वाचत बसलो आणि म्हटलं, अरे, हे तर आपलंच रुग्णालय! एक बिचारा विचारतो, असं असं अडलंय. त्याला पहिलं उत्तर मिळतं : हा प्रश्न आधी विचारला गेला आहे, तिकडे बघा. तो तिकडे जातो. तिथे लिहिलेलं : तिकडे बघा. दुसरा कोणी म्हणतो, "पण तुम्हाला मुळात हे करायचंच कशाला आहे?" गुडघा दुखतो म्हणून गेलेल्या माणसाला 'पण चालताच कशाला' म्हणण्यापैकी ते. आणि सगळ्यांत कहर म्हणजे एक महाभाग. अगदी तुमचीच अडचण, तुमच्याच शब्दांत, त्याने विचारलेली असते. तुम्ही धडधडत्या छातीने खाली जाता. खाली त्याने स्वतःच लिहिलेलं असतं : 'सुटलं. धन्यवाद.' बस! कसं सुटलं? कोणी सोडवलं? काही नाही. आपलं ताट चाटून-पुसून उठला आणि स्वयंपाकघराला कुलूप लावून गेला. त्या माणसाला मला एकदा माझ्या खिडकीवर गाठायचंय.

असो. राग आवरतो. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

तर तिथला एक रिवाज सांगायलाच हवा. ज्याने प्रश्न विचारला, त्याला आलेल्या उत्तरांपैकी एकावर हिरवी खूण करण्याचा हक्क असतो. ते उत्तर मग सगळ्यांत वर जाऊन बसतं. खूण करणारा निघून जातो, पुन्हा त्या गावाला येत नाही. उत्तर चुकीचं होतं असं नंतर दहा जणांनी सिद्ध केलं तरी दुसऱ्या कोणाला ती खूण हलवता येत नाही. एकदा वर बसला की बसला. प्रमुख पाहुणे मान डोलावताहेत. आभारी आहे.

आता मूळ गोष्ट. आपल्या नेत्रविभागाला दर आठवड्याला एक यादी लागायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नोंद झाली आहे, पण अजून बोलावणं गेलेलं नाही, अशा माणसांची. हिशेब सोपा : नोंद झालेल्यांतून बोलावलेले वजा करा, उरतील ते थांबलेले. जुनी पद्धत वेळ खाते म्हणून मॅडमना नवी क्वेरी लिहायला सांगितली गेली. उद्यापर्यंत. आपल्याकडे सगळं उद्यापर्यंतच लागतं आणि मग परवापासून कपाटात पडून राहतं. मॅडम कोठारात गेल्या, प्रश्न सापडला, हिरवी खूण केलेलं उत्तर सापडलं, ते उचललं आणि लावलं.

यादी आली. शून्य.

कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, शून्य कसं? काल तर व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. मॅडमनाही तसं वाटलं. त्या पडताळून बघू म्हणाल्या, पण तोवर शून्य वरच्या मजल्यावर पोचलं होतं, आणि पडताळणी राहिली ती राहिलीच. आणि वरच्या मजल्यावर शून्य पोचलं की त्याचं काय होतं? त्याचा सत्कार होतो. गेटाजवळ दिव्यांचा फलक लागला : 'नेत्रशस्त्रक्रिया, प्रतीक्षेत : शून्य'. फीत कापली. वर्तमानपत्रात फोटो आला. मी त्या फोटोत आहे, काचेमागे, अर्धा.

त्यानंतरचे महिने आठवा. नोंदणी चालू होती, बोलावणं बंद होतं. यादीच नाही तर बोलावणार कोणाला? नेत्रविभागाच्या डॉक्टरीणबाई वर जाऊन विचारत होत्या, "माझे पेशंट कुठे गेले?" त्यांना सांगितलं गेलं, "अहो, हे तुमच्याच कार्यक्षमतेचं फळ!" बाई तिथे बसल्या आहेत, विचारा. आज आपण ज्या निळ्या खुर्च्यांवर बसलो आहोत, त्या नेत्रविभागाच्या बाहेरच्या आहेत. रिकाम्याच होत्या, म्हणून समारंभांना मिळायला लागल्या.

आणि मग एक दिवस खिडकीवर माझी आत्या आली.

माझी आत्या शिवणकाम करते. तिने केलेली काजं बघायला दुसरे शिंपी यायचे, अशी तिची काजं. आता सुईत दोरा ओवायला ती शेजारणीला हाक मारते, आणि काज बोटाने चाचपून कापते. वाकून त्या भोकातून म्हणाली, "कोण आहे रे आत? तूच आहेस ना?"

"मीच आहे, आत्या."

"आवाजावरून ओळखलं. चेहरा काही दिसत नाही, आणि त्याचं दुःख नाही. माझा नंबर कधी?"

मी पडद्यावर बघितलं. म्हटलं, "आत्या, इथे तर दाखवतंय की थांबलेलं कोणीच नाही."

"मग मी कोण?"

"म्हणजे... यंत्रात तसं आहे."

"तुझ्या यंत्राला म्हणावं बाहेर ये आणि माझ्याशेजारी उभं राहा. माझ्यामागे हे गृहस्थ आहेत, बस चालवायचे. त्यांच्यामागे मास्तरीणबाई आहेत. आम्ही सगळी कोणीच नाही का रे, मेल्या?"

मागचे गृहस्थ म्हणाले, "आजी, माझी तर बसच काढून घेतली. म्हणाले, समोरचं दिसत नाही. मी म्हटलं, ते मलाही माहीत आहे."

मी आत्याला हाताला धरून संगणक कक्षात नेलं. मॅडमनी तिला खुर्ची दिली, नाव विचारलं, नोंद काढली. नोंद होती. बोलावणं गेलेलं नव्हतं. आणि तरी यादीत नाव नव्हतं. मॅडम पुन्हा त्या कोठारात शिरल्या, तोच प्रश्न काढला, पण या वेळी हिरव्या खुणेपाशी थांबल्या नाहीत. खाली जात राहिल्या. अगदी तळाशी, कोणी विचारत नाही अशा जागी, एक लहानसं उत्तर होतं : वरची पद्धत वापरू नका. वजा करायच्या यादीत एक जरी रकाना रिकामा असेल, तर सगळं उत्तर शून्य येईल. आणि त्याखाली कोणा दीडशहाण्याने शेरा मारला होता : 'प्रत्यक्षात असं कधी होत नाही.'

प्रत्यक्षात झालं होतं. आपल्या व्हरांड्यातल्या एका म्हाताऱ्याला तातडीने आत घेतलं, फार चांगलं केलं, पण गडबडीत बोलावलेल्यांच्या यादीत त्याचा नोंदणी क्रमांक टाकायचा राहिला. एक रकाना रिकामा. एवढंच.

आत्याने विचारलं, "एका रिकाम्या घराने सगळी आळी कशी गं बुडते?" मॅडमनी तिला जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाल्या, "आजी, यंत्राला विचारलं, या बाईंना बोलावलंय का? यंत्राने यादी पाहिली. एका जागी कोण आहे ते त्याला ठाऊक नाही. ते म्हणालं, तिथे याच बाई असतील तर? मला माहीत नाही. आणि खात्री नाही तर मी नाव देणार नाही. असं ते प्रत्येकाबद्दल म्हणालं."

"म्हणजे यंत्र खोटं बोललं नाही?"

"नाही. ते 'माहीत नाही' म्हणत होतं. आपण ते 'कोणी नाही' असं वाचलं."

आत्या म्हणाली, "मग यंत्र बरं म्हणायचं. निदान माहीत नाही एवढं तरी त्याला कळतं."

मंडळी, मॅडम त्याच दिवशी वर गेल्या. एक ओळ बदलायची होती, ती लिहून नेली होती. मी दाराशी होतो. चौकशी खात्याचा माणूस, कान उघडे ठेवणं हे माझं काम. मॅडम म्हणाल्या, "साहेब, चूक माझी आहे. खूण बघून उत्तर उचललं, खाली वाचलं नाही. ते शून्य खोटं आहे. फलक उतरवा, मी आत्ता खरी यादी काढून देते."

मी इतकी वर्षं या इमारतीत आहे. 'चूक माझी आहे' हे वाक्य मी इथे पहिल्यांदा ऐकलं. भिंतीसुद्धा दचकल्या असतील. साहेब, तुम्हीही दचकलात. तुम्ही म्हणालात, "मॅडम, तुम्ही दमला आहात. रजा घ्या." मग म्हणालात, "बदल मंजुरीसाठी ठेवा." आणि मॅडम वळल्यावर हळूच म्हणालात, "शून्याची फीत कापून झाली आहे हो."

यात दोष कोणाचा, ते मी म्हणत नाही. मी फक्त एक विचारतो. चुकीबद्दल मॅडमवर कारवाई झाली का? नाही. कशी होणार? कारवाई करायची तर चूक मान्य करायला हवी, आणि ती चूक तर आपलं सगळ्यांत मोठं यश होतं! भिंतीवर दिवे लावून टांगलेलं! मग मेमो आला तो कशाचा? 'कार्यालयीन वेळेत इंटरनेटवर प्रश्नोत्तरांत वेळ दवडणे.'

तो वेळ कुठे दवडला, तेही ऐका. मॅडमना त्या कोठारात, त्या चुकीच्या उत्तराखाली एक ओळ लिहायची होती. 'हे वापरू नका, आमच्याकडे यामुळे माणसं थांबली आहेत.' एवढीच. पण तिथे नव्या माणसाला शेरा लिहिता येत नाही. आधी गुण मिळवावे लागतात. गुण कसे? इतरांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन. मॅडम जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी पोरांच्या क्वेऱ्या दुरुस्त करत होत्या. कोणाला कंस बंद कर म्हणून सांगत होत्या. दुसऱ्याचं उत्तर चुकलंय एवढं म्हणण्याचा हक्क मिळावा म्हणून! आणि आपण काय केलं? मेमो दिला, आणि ती जागाच कार्यालयात बंद केली. ज्या वाटेने चूक आली ती वाट बंद केली नाही. ती सापडण्याची वाट बंद केली. डॉक्टरांनी आजार शोधला म्हणून दुर्बीण जप्त करायची, यातली ही गत.

मॅडमचे गुण भरायला थोडेच कमी होते. उरलेले त्यांनी माझ्या आत्याच्या घरी, शिवणयंत्रावर फोन टेकवून मिळवले. गुण भरले तेव्हा मी तिथे होतो. मॅडमनी ओळ लिहिली. आत्या शेजारी बसून बटणं लावत होती.

"काय लिहिलंस गं?"

"वरचं उत्तर चुकलंय, असं."

"एवढंच? त्यासाठी एवढे दिवस?"

"तिथे सगळ्यांना बोलता येत नाही, आजी."

"मग इथे बोल की. इथे तर तुला तोंड आहे."

मॅडम म्हणाल्या, "इथे माझे गुण कमी पडले."

मॅडम, आत्याने मला नंतर जे सुनावलं ते तुम्हाला माहीत नाही. म्हणाली, "त्या पोरीला तोंड नाही, ठीक. तुला तर देवाने दुसरं काही दिलंच नाही. तू काय करतोस?"

म्हणून, साहेब, आजची गर्दी मॅडमच्या लोकप्रियतेची नाही. आपली थट्टा केली, माफ करा. मागच्या रांगांत बसलेल्या पाहुण्यांना मी खिडकीवरून निमंत्रण दिलं. जो जो येऊन विचारायचा, माझा नंबर कधी, त्याला म्हटलं, एक समारंभ आहे, या. ते त्यांच्याच विभागाच्या खुर्च्यांवर बसले आहेत. एवढ्या दिवसांनी का होईना, त्यांना तिथे बसायला मिळालं. माझी एक विनंती आहे. आपल्या फलकावरच्या शून्यातली जी माणसं सभागृहात हजर असतील, त्यांनी कृपया उभं राहावं.

सावकाश. घाई नाही. शेजारच्याचा हात धरा. आत्या, तू पायरीकडे सरकू नकोस, तिथेच थांब.

बघा, साहेब. प्रमुख पाहुणे, आपणही बघा. मोजून काढायला क्वेरी लागणार नाही.

आभार मानतो. मॅडमचे, कारण त्यांनी मला खाली वाचायला शिकवलं. डॉक्टरीणबाईंचे, त्यांनी हत्यारं रोज उकळून तयार ठेवली, कोणी येत नसतानाही. अध्यक्षांचे, कारण त्यांनी मला दोन मिनिटं दिली आणि मी किती घेतली हे विचारलं नाही. माझ्या बोलण्यात काही रकाने रिकामे राहिले असतील. कोणाचा उल्लेख राहिला असेल, कोणाचा नको तितका झाला असेल. ते सारं 'याला माहीत नव्हतं' असं वाचावं, 'तिथे कोणी नव्हतं' असं वाचू नये, आणि पदरात घ्यावं.

एकच राहिलं. आज पाच वाजेपर्यंत मॅडम नोकरीत आहेत. संगणक कक्षाची किल्ली अजून त्यांच्या पर्समध्ये आहे. बदलायची ती एक ओळ आपल्या टेबलावर मंजुरीची वाट बघते आहे, आणि मंजुरी द्यायला आपल्याला 'हो' एवढंच म्हणायचं आहे.

साहेब, आपण आत्ता मान हलवलीत. ती हो म्हणून की नाही म्हणून, मला इथून नीट कळलं नाही. मागे उभ्या असलेल्यांना तर मान हलल्याचंही दिसलं नसेल.

हा घ्या माइक. जरा मोठ्याने सांगा.